दुसरी टाळी

१

मी वजनमापं तपासणारा माणूस. बाजारात जायचं, दुकानदारांचे काटे बघायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? बायको म्हणते, "हे आरशात बघायच्या आधी आरसा तपासतात." ही अतिशयोक्ती आहे. मी एकदाच तपासला होता आणि तो खरंच वाकडा निघाला होता.

आमच्या खात्यात एक जुनी पद्धत आहे. बाजाराच्या गल्लीत शिरल्या शिरल्या दोन टाळ्या द्यायच्या, खणखणीत. त्या ऐकल्या की प्रत्येक दुकानदाराने हात तराजूपासून लांब न्यायचे. कारण लबाडी काट्यात कमी आणि हातात जास्त असते. कुणाची करंगळी पारड्याखाली असते, कुणाचा गुडघा फळीला टेकलेला असतो. हात निघाले की खरं वजन दिसतं. आता ही सवय माझ्या हाडात इतकी मुरली आहे की एकदा दवाखान्यात शिरताना मी दोन टाळ्या दिल्या, आणि बाळाचं वजन करणारी नर्स दचकून मागे सरली. बाळाचं वजन मात्र त्या दिवशी अचूक निघालं.

घरीसुद्धा आमच्या गॅलरीत एक काटा आहे, माणूस उभा राहील एवढा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्यावर उभे राहतो आणि मी आकडे वहीत लिहितो. माझं चौऱ्याहत्तर. तिचं गेली दहा वर्षं अठ्ठावन्न, इकडे तिकडे पावभर. या आकड्यांची मला एक प्रकारची ऊब वाटायची, हे कबूल केलं पाहिजे. ते आहेत तिथे आहेत म्हणजे आम्ही आहोत तिथे आहोत, असं काहीतरी.

२

माझी आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं बायकोने केलं. उठवणं, बसवणं, कूस बदलणं, न्हाऊ घालणं. आई गेली त्याला दोन वर्षं झाली, पण बायको त्या मागच्या खोलीतून काही बाहेर आली नाही. म्हणजे घरभर वावरायची, स्वयंपाक करायची, पण मध्येच हातातलं काम थांबवून उभी राहायची, कुणी हाक मारतंय का ते ऐकत असल्यासारखी.

मेव्हणीने तिला नाचाच्या वर्गात घातलं. चाळिशी उलटलेल्या बायकांचा वर्ग, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते साडेपाच.

"या वयात नाच?" मी म्हणालो.

"भाऊजी, नाचता येईना अंगण वाकडं, असं तुमचं आहे," मेव्हणी म्हणाली. "तुम्हाला येत नाही तर निदान आमच्या अंगणाला नावं ठेवू नका."

ती स्वतः मात्र दोनच आठवडे गेली. मी विचारलं, का सोडलंस? तेव्हा पहिल्यांदा तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, मग पावसाचं निमित्त केलं. खोटं बोलणाऱ्याची कारणं नेहमी एकापेक्षा जास्त असतात, हे मी नोकरीत शिकलोय. शेवटी बायको चहा करायला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला तिथे गर्दी वाटते."

"किती जणी आहात?"

"नऊ. आणि बाई."

"आणि खोली?"

"हॉल आहे हो चांगला, लांबलचक. शंभर माणसं मावतील." तिने बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. "तरी गर्दी वाटते."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी हसण्यावारी नेलं.

३

एका मंगळवारी वर्गाला सुट्टी होती आणि मीही लवकर घरी आलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीतून पायांचा आवाज येत होता, अनवाणी पाय फरशीवरून सरकतात तसा. मी बूट काढले आणि पॅसेजमध्ये उभा राहिलो.

आईची खाट काढल्यापासून ती खोली रिकामीच होती. बायको खोलीच्या मधोमध नाचत होती. गाणं नाही, ताल नाही. दोन पावलं मागे, एक बाजूला, मग एक गिरकी, अगदी सावकाश. उजवा हात तिने वर करून हवेत ठेवला होता, जसा एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा.

सवय वाईट. मी लगेच तो खांदा मोजला. मी पाच फूट पाच. ज्या उंचीवर तिचा हात टेकला होता तो खांदा सहा फूट दोन इंचांच्या माणसाचा होता.

म्हणजे हे असं आहे तर, मी म्हटलं. कुठेतरी पाणी मुरतंय. एकोणतीस वर्षांच्या संसारात मला असा मत्सर कधी वाटला नव्हता. कान गरम झाले. बायकांचा वर्ग म्हणे. कोण असेल हा ताडमाड?

मग ती मागे रेलली. टाचा जमिनीवर, आणि टाचांपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं सरळ. मागे, आणखी मागे. माझ्या धंद्यात तोल म्हणजे काय ते समजतं. एका मर्यादेपलीकडे वस्तू पडते, तिथे कुणाचं काही चालत नाही. ती मर्यादा ओलांडून ती पार पलीकडे गेली. मी धावणार होतो. पण ती पडली नाही. मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत ती तशीच तिरकी राहिली, डोळे मिटून, आणि मग वर आली. वर येताना आधी तिची कोपरं पुढे ओढली गेली आणि मग अंग आलं. स्वतःहून उठणारा माणूस तसा उठत नाही.

तिचा चेहरा मी पाहिला. आई आजारी पडायच्या आधीचा होता तो. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली.

मी खाकरलो.

"कधी आलात?" ती म्हणाली.

"आत्ताच."

"चहा टाकते," म्हणून ती माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेली. जाताना दारात क्षणभर थांबली आणि अंग चोरून घेतलं, दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं तसं. मी तर पॅसेजमध्ये या बाजूला उभा होतो.

४

महिन्याचा पहिला रविवार आला. ती काट्यावर उभी राहिली. साडेएक्कावन्न.

मी चष्मा पुसला. तिला उतरवलं, परत चढवलं. साडेएक्कावन्न. मी उभा राहिलो तर चौऱ्याहत्तर. काटा जुना आहे, स्प्रिंग दमली असेल, असं म्हणून सोमवारी मी ऑफिसातून प्रमाण वजनं आणली. लोखंडी, वीस वीस किलोची तीन. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, घरचा काटा तपासताय? वहिनींनी भाजी कमी आणली वाटतं." मी हसलो. वीस ठेवलं, वीस दाखवलं. चाळीसला चाळीस, साठला साठ. काटा इतका खरा होता की त्यावर मी डोळे मिटून शिक्का मारला असता.

पुढच्या रविवारी सत्तेचाळीस.

"बरंच आहे की," ती म्हणाली. "हल्ली मला हलकंच वाटतं."

पण ती वाळली नव्हती. गाल तेच, दंड तेच. तिच्या बांगड्या मनगटावर जिथे अडकायच्या तिथेच अडकत होत्या. मी टेपने दंड मोजला तेव्हा तिने डोळे वटारले. डॉक्टरांच्या काट्यावर शेहेचाळीस भरली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. "दिसत नाही तसं," म्हणाले, आणि रक्त तपासायला सांगितलं. रक्तात काही निघालं नाही.

मी रात्रंदिवस विचार केला. माल तेवढाच असताना वजन कमी भरतं, त्याचं कारण माझ्या अख्ख्या नोकरीत एकच निघत आलंय. खालून कुणीतरी हात लावलेला असतो.

मी तिला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि गॅलरीत ओणवा होऊन तिच्या पावलांभोवती, कमरेमागे, काखांखाली हात फिरवला. शेजारच्या गॅलरीतून कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. हाताला हवा लागली, दुसरं काही नाही.

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"गुदगुल्या होतात हो," म्हणून ती हसली. तिचं हसू मला गोड वाटलं आणि त्याच वेळी असंही वाटलं की ती हसताना माझ्याकडे बघत नाहीये.

५

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. संशय असा मनात ठेवून जगण्यापेक्षा एकदा अचानक तपासणी केलेली बरी. बाजारातही माझी तीच रीत.

खाली फरशांचं दुकान, वर दोन जिने. वरच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. मी तिथून पाहिलं. मेव्हणी म्हणाली होती तसाच लांबलचक हॉल, जुन्या लाकडी फळ्यांची जमीन, एका भिंतीला आरसा. नऊ बायका अंतर ठेवून उभ्या होत्या. बाई समोर, उंच, पांढऱ्या केसांची, पाठ वर्गाकडे करून. पुरुष एकही नव्हता. मला आधी हायसं वाटलं आणि लगोलग आणखी वाईट वाटलं. माणूस असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

बाईंनी एक टाळी दिली. "द्या," म्हणाल्या.

नऊच्या नऊ बायका मागे रेलल्या. नव्या दोघीतिघी थोड्याशाच, डगमगत, तोंडावर हात घेऊन हसत. बाकीच्या त्याहून जास्त. माझी बायको शेवटच्या रांगेत खिडकीपाशी होती. पेटीचं झाकण उघडावं तशी ती तिरकी झाली होती. तिची वेणी सरळ खाली लोंबत होती आणि जमिनीला टेकायला वीतभर राहिली होती.

तेव्हा मला फळ्या दिसल्या. जुन्या फळ्या, खिळे सैल झालेल्या. माणूस उभा राहिला की फळी जराशी दबते आणि फटीतली धूळ हलते. प्रत्येक बाईच्या पायाखालची फळी दबलेली होती. माझ्या बायकोच्या मागे हातभर अंतरावर आणखी दोन फळ्या दबलेल्या होत्या. तिथे कुणी नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, लाकूड आहे, फुगतं, वाकतं. मी हे सांगत असताना त्यातली एक फळी वर आली आणि तिच्या शेजारची खाली गेली. थकलेला माणूस पाय बदलतो तसं झालं ते.

मी दार ढकललं. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. माझ्या हातांना मात्र एकच गोष्ट येते. मी उंबरठ्यात उभा राहून खणखणीत दोन टाळ्या दिल्या.

बाई गर्रकन वळल्या. बाकीच्या बायका धडपडत सरळ झाल्या, एकदोघी खाली बसल्या. माझी बायको वर आली, फार वेगाने, सरळ झाली आणि तिथे न थांबता पुढे झुकली. गुडघे वाकले, हात पुढे पसरले आणि काहीतरी धरून मिटले. तिच्या छातीतून "हूं" असा आवाज निघाला. पाठीवर पोतं घेताना हमालाच्या तोंडून निघतो तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे.

"दुसरी टाळी कुणी दिली?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कोण तुम्ही?"

"मी... त्यांचा नवरा."

"अहो, मी त्यांना अजून घ्यायला शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

६

जिना उतरताना पायऱ्या करकरल्या. बायको कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नको, सवय आहे." आईला उठवताना ती असंच म्हणायची.

त्या रविवारी काट्याने त्रेसष्ट दाखवले. मंगळवारी सत्तर. पुढच्या रविवारी एक्क्याऐंशी. दंड तेच, गाल तेच, बांगड्या तिथेच. वीस-वीसची तिन्ही लोखंडं मी रोज काट्यावर चढवत होतो आणि काटा रोज साठच सांगत होता. मला तो काटा फेकून द्यावासा वाटू लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काटा खोटा निघू दे म्हणून मागणं मागितलं.

जेवणाच्या टेबलापाशी तिची खुर्ची मोडली. चपलांच्या टाचा पापडासारख्या चपट्या झाल्या. ती चालायची ती पुढे वाकून, हात अर्धे वर धरून, गळ्यात कुणी पडल्यासारखी. विचारलं की "काही नाही, जरा अंग जड झालंय" एवढंच उत्तर. नऊ वर्षंही तिने हेच उत्तर दिलं होतं आणि नऊ वर्षं मी ते खरं धरून पेपर वाचत बसलो होतो. लोकांची गुंजभर लबाडी पकडणारा मी, घरातलं एवढं ओझं मला दिसलं नव्हतं. याची मला लाज वाटली आणि अजून वाटते.

एका दुपारी ती कुशीवर झोपली होती. मी पायाशी बसून तिचे सुजलेले गुडघे शेकत होतो. सहज पाठीकडे लक्ष गेलं. पाठीवरचं कापड एका जागी गोळा झालं होतं. पाच चुण्या पडल्या होत्या, चार एका बाजूने आणि एक दुसऱ्या बाजूने, मुठीत धरल्यासारख्या. मी बोटाने कापड सारखं करायला गेलो. ते सुटेना. ओढून पाहिलं तर पलीकडून तेवढ्याच जोराने ओढलं गेलं.

मी शेकायची पिशवी तिथेच टाकली आणि बाईंकडे गेलो.

७

बाई हॉलच्या फळ्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"मी कधी विचारलं नाही."

"नऊ-नऊ बायकांना शिकवता आणि विचारलं नाही?"

"तुमच्यासारखी चौकशी मला जमत नाही," त्या म्हणाल्या. फडकं पिळलं, पुढची फळी घेतली. "इथे येणाऱ्या बायकांनी जन्मभर कुणाकुणाचा भार घेतलेला असतो. स्वतःचा कुणाला द्यावा हे तोंडाने मागता येत नाही त्यांना. मग अंगाने मागतात. नाच म्हणजे दुसरं काय असतं? आणि मागितलं की कुणीतरी धरतं. वर्षभर नुसतं द्यायचं, पायात बळ येऊ द्यायचं. मग धरणाराही थकतो ना? त्यालाही कुणावर तरी रेलावंसं वाटतं. तेवढ्यासाठी दुसरी टाळी. तीही मी देते, घटकाभर, आणि मी सोडवते."

"मग आता सोडवा."

"तुमची टाळी मला कशी सोडवता येईल?"

मी तिथल्या तिथे फळीवर बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो कोण, कुठला, का, यातलं काही नको होतं. मला फक्त माझी अठ्ठावन्न किलोची बायको परत हवी होती. मी तसं बोललो.

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "नाचता येतं?"

"नाही."

"उठा."

त्यांनी मला दोन पावलं मागे, एक बाजूला, गिरकी, असं दाखवलं. मी तासभर करत राहिलो. घाम निघाला, पाय पायात अडकले. फळ्या माझ्या एकट्याच्याच वजनाने दबत होत्या.

"नाही येणार तो," बाई म्हणाल्या.

"पावलं तर बरोबर पडतायत."

"पावलं बरोबर आहेत हो. पण तुम्ही मागत नाही आहात. तपासताय."

८

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. पश्चिमेचं ऊन मागच्या खोलीत आलं होतं. बायको फरशीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. तिच्याखालची फरशी तडकली होती, तडा पार दारापर्यंत आला होता.

तिने मान वर केली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

"अहो," ती म्हणाली, "आता नाही होत मला."

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. आई असताना मी या खोलीच्या दारापर्यंत यायचो, "झालं का?" विचारायचो आणि परत जायचो. आत येऊन उभं राहण्याची ही माझी पहिलीच वेळ असावी.

दोन पावलं मागे. एक बाजूला. मला नाचता येत नाही. माझं पोट सुटलेलं, पाय वाकडे, हात कुठे ठेवावेत ते कळेना. पण मी हात पसरले. नऊ वर्षं जे बोललो नाही ते तोंडात येत नव्हतं, आलं असतं तरी त्याला काही अर्थ नव्हता. म्हणून मी ते पावलांत घातलं. मी वाकलो. मी तिच्याभोवती फिरलो. दे, माझ्याकडे दे, असं माझं सगळं अंग म्हणत होतं आणि मला रडू येत होतं. तो कोण आहे हे बघायला मी मान वळवली नाही. डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या गिरकीला माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली.

ती उबदार होती. मग उजव्या खांद्यावरून एक हात आला, डाव्या खांद्यावरून दुसरा, आणि पाठीमागे माझा शर्ट मुठीत गोळा झाला. छातीवर भार आला. दहा किलो. वीस. वजन मला हाताला कळतं, आकडे आपोआप मनात येतात. चाळीस. त्याचा श्वास माझ्या कानाशी होता, संथ, दिवसभर राबलेल्या माणसासारखा.

मी डोळे उघडले. बायको भिंतीला हात लावून उठत होती. उठली. सरळ उभी राहिली, खांदे मागे, मान मोकळी. तिने एक पाऊल टाकलं आणि फरशीचा आवाज झाला नाही. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या वीतभर वर. तिच्या नजरेत भीती नव्हती. घरातल्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती.

"किती छान नाचताय हो," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

साठ. सत्तर. मी पावलं चालू ठेवली. थांबलो तर तो परत तिच्याकडे जाईल, एवढंच मला कळत होतं. ऐंशी. पाठीच्या मणक्यात कुठेतरी काहीतरी करकरलं. नव्वद.

ती जवळ आली. तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. माझी वाकलेली पाठ तिने पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जुनी काळजी परत येऊ लागली. तिचे हात नकळत पुढे झाले, घेण्यासाठी.

"जड आहे का?" तिने विचारलं.

"छे गं," मी म्हणालो. "काहीच नाही."

तिने ते खरं मानलं. हात खाली घेतले, हसली, आणि चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघराकडे निघाली. तिचं पाऊल हलकं पडत होतं.

माझं बोलणं त्यानेही ऐकलं होतं. कानाशी एक लांब सुस्कारा आला, सुटल्याचा. आणि मग इतका वेळ जमिनीवर टेकून ठेवलेले दोन्ही पाय त्याने वर उचलून घेतले.